घरोट आणि गाणे : बहिणाबाईंच्या काव्यनिर्मितीसंबंधी काही विचार

काव्याला निवांतपणा लागतो, असा एक समज आपल्याकडे पूर्वापार रूढ आहे. याच्या नेमका उलट असा दुसरा समज अलीकडे बळावला आहे. हात नित्याच्या कामात गुंतले की मन मोकळे होते आणि त्या मोकळ्या मनाला कल्पना सुचतात, असे हे दुसरे मत. त्याच्या पुष्ट्यर्थ मराठीत बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांचे नाव हटकून घेतले जाते. दळताना, शेतात राबताना, चुलीपुढे बसून त्यांनी गाणी रचली हे खरेच आहे. परंतु या कामांनी त्या गाण्यांना नेमके काय दिले, असे विचारले की उत्तर बहुधा ‘स्फूर्ती’ या एका शब्दात आटोपले जाते. हा शब्द येथे अपुराच नव्हे, तर दिशाभूल करणारा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

हात गुंतलेले आणि मन मोकळे, या कल्पनेला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळाली ती ग्रॅहम वॉलस यांच्या ‘द आर्ट ऑफ थॉट’ (१९२६) या ग्रंथामुळे. तयारी, परिपाक, प्रकाश आणि पडताळा अशा चार अवस्था त्यांनी सांगितल्या. फ्रेंच गणिती पॉंकारे यांना कूतांस येथे गाडीच्या पायरीवर पाऊल ठेवताक्षणी एका कूट प्रश्नाची उकल सुचली, हा प्रसंग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. तो खरा आहे. पण त्यातील गाडीला काही महत्त्व नाही. गाडीऐवजी बागेतला बाक असता तरी चालले असते. प्रश्न मेजावर राहिलेला आहे, मन त्यापासून क्षणभर दूर गेले आहे, आणि त्या दूर जाण्यातच उकल दडलेली आहे. ज्या बाईला मेज नाही, अक्षरओळखही नाही, आणि जिचे मन ज्यापासून दूर जावे असे काम कधी संपतच नाही, तिच्या बाबतीत हा आराखडा कसा लावावयाचा?

बहिणाबाईंनी स्वतःच याचे उत्तर देऊन ठेवले आहे. घरोट म्हणजे जाते. त्याला उद्देशून रचलेल्या गाण्यात त्या म्हणतात, की घरोटातून जशी पिठी पडते तसेच आपले गाणे पोटातून ओठांवर येते. ही उपमा आपण फार लवकर वाचून पुढे जातो. जात्यातून पीठ पडते, पण जाते पीठ निर्माण करीत नाही. वैरण घातल्यावाचून ते नुसते दगडावर दगड घासत राहते. असोद्याचे बालपण, जळगावचे सासर, ऐन उमेदीत आलेले वैधव्य, शेती आणि लेकरे ही या गाण्याची वैरण होय. दळण्याने ती बारीक होते, एकजीव होते, आणि गतीने बाहेर पडते. तिचे ‘पोटातून’ येणेही लक्षात घेण्याजोगे आहे. ‘वरून’ किंवा ‘अवचित’ आल्याची भाषा येथे नाही. स्फूर्तिवाद्यांनी या साध्या शब्दापाशी थांबावयास हवे होते.

आता गतीविषयी. बहिणाबाईंच्या पुष्कळ गाण्यांतील चरण आठ-आठ अक्षरांचे आहेत. हे ओवी-अभंगांच्या परंपरेतून आलेले माप असून ते हाताच्या आवर्तनाशी सहज जुळते. त्याहून लक्षणीय आहे ती संबोधनाची द्विरुक्ती. संसार असो, घरोट असो वा माणूस, वस्तूचे नाव एकदा घेऊन त्या थांबत नाहीत, लगेच दुसऱ्यांदा घेतात. छापील पानावर हा लकबीचा भाग वाटतो. खुंटा धरून बसलेल्या बाईच्या दृष्टीने पाहिले तर यात सोय आहे. नाव दोनदा घेईपर्यंत फेरा चालू राहतो आणि पुढील चरण जुळवावयास अवसर मिळतो. लेखणी थांबू शकते. जाते मध्येच थांबवून चालत नाही. म्हणजे ज्याला आपण शैली म्हणतो त्याचा काही अंश कामाने घडविलेला आहे.

देहाची हालचाल आणि छंद यांचा असा संबंध अन्यत्रही आढळतो. कोलरिजला खडबडीत जमिनीवरून चालताना रचना करणे आवडे, तर वर्ड्स्वर्थला सरळ, खडी घातलेल्या वाटेवर येरझारा घालताना, असे हॅझलिटने १८२३ साली लिहिले आहे. मात्र वर्ड्स्वर्थच्या येरझाऱ्या सुरू असताना घरात भाकरी कोण भाजत होते, हे त्याच्या बहिणीच्या, डॉरथीच्या, ग्रासमियरच्या रोजनिशीत वाचावयास मिळते. पाव भाजणे, कपड्यांना इस्त्री करणे आणि भावाच्या कविता उतरून काढणे या नोंदी तेथे शेजारीशेजारी येतात. सरोवराकाठच्या पिवळ्या फुलांचे वर्णनही १८०२ च्या एप्रिलात आधी तिनेच केले. भावाची कविता दोन वर्षांनी आली.

पुन्हा बहिणाबाईंकडे वळू. मन कामापासून सुटले म्हणजे कल्पना सुचते, या मताला त्यांच्या गाण्यांतील विषयच बाध आणतात. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी : शेतीच्या एकेका क्रियेवर एकेक गाणे आहे. संसाराला तव्याची उपमा सुचली ती तव्यापुढे बसून भलत्याच गोष्टींचा विचार करणाऱ्या मनाला नव्हे. हाताला आधी चटका बसतो आणि मग भाकर मिळते, हा क्रम ज्याने लक्षपूर्वक अनुभवला त्याचीच ती उपमा आहे. मन येथे कामातून निसटलेले नाही, ते कामात बुडालेले आहे. ‘रिकामे क्षण’ हा शब्दप्रयोग या कवितेला लावणे मला सर्वस्वी गैर वाटते.

तरीही एक सावधगिरी आवश्यक आहे. कष्टांतून कविता येते असे म्हणता म्हणता आपण कष्टांचेच कौतुक करू लागतो. स्त्रीला लिहावयाचे असेल तर स्वतःची खोली आणि वर्षाला पाचशे पौंड हवेत, असे व्हर्जिनिया वूल्फ यांनी १९२९ साली मांडले. बहिणाबाईंचे उदाहरण पुढे करून ते खोडून काढण्याचा मोह होतो. पण खोलीचे आणि लेखणीचे काम त्यांच्यासाठी दुसऱ्या कुणी केले, हे तेव्हा विसरले जाते. चिरंजीव सोपानदेव स्वतः कवी होते. त्यांनी आणि आप्तांनी काही गाणी टिपून ठेवली, म्हणून १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह निघू शकला. ज्यांच्या घरी असा पुत्र नव्हता त्यांच्या ओव्या शेजारणीच्या स्मरणात राहिल्या तेवढ्याच राहिल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी खेडोपाडी हिंडून जमविलेल्या जात्यावरील ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरते. तोवर पिठाच्या गिरण्या गावोगाव पोहोचल्या होत्या. पुष्कळ ओव्या गाणाऱ्या बायांनी आठवून सांगितल्या.

जनाबाईच्या नावावरील अभंगांत विठ्ठल स्वतः येऊन दळू लागतो. या प्रसंगाकडे आपण भक्तीचा चमत्कार म्हणून पाहतो. जात्याच्या खुंट्याला दोघींचे हात लागले तर दळण हलके होते, हे ज्या श्रोत्यांना ठाऊक होते त्यांना त्यात आणखीही काही ऐकू आले असेल. पहाटे एकटीने दळणाऱ्या दासीला हवा होता तो समोर बसणारा दुसरा माणूस, आणि तिने देवाला प्रथम त्याच कामाला लावले.