‘पुरवठा-साखळी’: एका रूपकाची चिकित्सा

विकसनशील देशांतील बंदरांविषयीच्या अलीकडील लिखाणात ‘पुरवठा-साखळीचे एकात्मीकरण’ ही संज्ञा इतकी रुळली आहे की, ती मुळात एक रूपक आहे याचेच विस्मरण व्हावे. साखळी म्हटली की तिच्या कड्या सारख्याच बळकट आणि परस्परांत घट्ट अडकविलेल्या असतात, असे आपण गृहीत धरतो. न्हावा-शेवा बंदराचा व्यवहार पाहता हे गृहीत टिकत नाही.

१९८९ साली सुरू झालेल्या या बंदरात उतरलेले आयात कंटेनर पुष्कळदा बाहेरील कंटेनर-आगारांत जात व सीमाशुल्काचे सोपस्कार तेथे होत. पुढे माल बंदरातूनच थेट आयातदाराकडे नेण्याची सोय वाढविण्यात आली. हेतू स्तुत्यच होता. परंतु त्यासाठी कागदपत्रे अगोदर तयार हवीत, ट्रक वेळेवर फाटकाशी हवा आणि माल उतरवून घेण्यास कोठार हवे. मोठ्या कारखानदारास हे तिन्ही साधते. महिन्याकाठी एखादा कंटेनर मागविणाऱ्या व्यापाऱ्यास ते दुर्घट असते. मुदतीत माल न उचलल्यास कंटेनर पुन्हा आगाराचीच वाट धरतो.

आता मोजमाप पाहावे. ‘बंदरातील वास्तव्यकाल’ कंटेनर फाटकाबाहेर पडताच संपतो. नंतर तो आगारात किती दिवस पडून राहिला, हे त्या आकड्यात येत नाही. विलंब नाहीसा झाला की फाटकापलीकडे सरकला, याचा निर्णय त्यावरून कसा व्हावा?

बंदरावरील माणसे ‘माल सोडविला’ असे म्हणतात. हे क्रियापद सकर्मक आहे; कोणी सोडविला, हा प्रश्न त्यात अटळपणे येतो. अहवालांतील ‘एकात्मीकरण झाले’ या वाक्यास मात्र कर्ताच नाही. (अहवालकर्त्यांस ही रचना सोयीची वाटत असावी!)

जून २०१७ मध्ये युक्रेनमधून पसरलेल्या संगणकीय हल्ल्यात मर्स्क समूहाची यंत्रणा कोलमडली आणि तो समूह चालवीत असलेले न्हावा-शेव्याचे टर्मिनल ठप्प झाले. या कड्या खरोखरच घट्ट जोडलेल्या होत्या. पण त्या समूहाच्या कोपनहेगनमधील मुख्यालयाशी. फाटकाबाहेर खोळंबणारा ट्रकचालक त्या जोडणीत कोठेच नव्हता. तेव्हा वास्तव्यकाल जहाजापासून आयातदाराच्या कोठारापर्यंत मोजावा, आणि लहान आयातदारांचा आकडा वेगळा द्यावा. त्याशिवाय ‘एकात्मीकरण’ हा शब्द अहवालात वापरण्यास आधार नाही.