शारदा नावाचा योगायोग

साताऱ्याहून सांगलीला जाणाऱ्या एसटीत मागच्या मे महिन्यात माझ्या शेजारी एक काकू बसल्या. उंब्रज गेल्यावर त्यांनी शेंगदाण्याची पुडी पुढे केली, कराडला त्यांचं माहेर कळलं आणि इस्लामपूर येईपर्यंत उघड झालं की त्या आणि माझी मावशी सांगलीत एका वर्गात होत्या. "बघ की, काय योगायोग!" त्या म्हणाल्या. मीही म्हणालो. लगेच मावशीला फोन लावला, स्पीकर चालू केला, आणि पुढच्या सीटवरचे आजोबासुद्धा मागे वळून हसले.

घरी येऊन विचार केला तेव्हा यातलं नवल जरा कमी झालं. सांगलीला जाणाऱ्या गाडीत सांगलीची माणसं असणारच. गणितात एक प्रसिद्ध उदाहरण आहे: तेवीस माणसं एकत्र आली की त्यांतल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते. पन्नास जण असतील, म्हणजे भरलेली एसटी, तर ती शक्यता सत्त्याण्णव टक्क्यांवर जाते. आपल्याला आश्चर्य वाटतं, कारण न जुळलेल्या हजार गोष्टी आपण मोजत नाही. त्याच गाडीतल्या इतर चाळीस जणांशी माझा काही संबंध निघाला नाही, हे मी कुणाला फोन करून सांगितलं नाही.

मग नाटकातल्या योगायोगावर आपण एवढे का चिडतो? "हे जरा जास्तच जमवून आणलंय," असं म्हणत आपण सिरीयल बंद करतो. मला वाटतं, योगायोग घडला म्हणून आपला राग नसतो. लेखकाने त्याच्याकडून कोणतं काम करून घेतलं, यावर तो असतो. आणि हे काम कसं करून घ्यावं, हे पाहायचं तर सांगलीजवळच्या हरिपूरच्याच एका माणसाकडे जावं लागतं. गोविंद बल्लाळ देवल, जन्म १८५५.

हरिपूर म्हणजे कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ आणि हळदीची पेवं. साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णेला भेटलेली, कराडला कोयनेला भेटलेली कृष्णा इथे वारणेला भेटते. देवलांनी 'शारदा' इथल्या पारावर लिहिलं, असं गावात सांगतात.

त्यांची तीन नाटकं मी योगायोगासाठी पुन्हा वाचली.

पहिलं 'मृच्छकटिक'. मूळ संस्कृत शूद्रकाचं, मराठी संगीत रूप देवलांचं. यात वसंतसेना चुकीच्या गाडीत बसते. चारुदत्ताची समजून ती शकाराच्या गाडीत चढते, आणि तुरुंगातून पळालेला आर्यक चारुदत्ताच्या गाडीत शिरतो. स्टँडवर बोर्ड न वाचता गाडीत चढलेल्या कुणालाही हा प्रसंग पटेल. इथे योगायोग म्हणजे दैव. माणसं चांगली असोत की वाईट, गाड्यांची अदलाबदल होते आणि सगळ्यांचं आयुष्य हलतं. ही जुनी रीत आहे आणि देवलांनी ती आहे तशी मराठीत आणली.

दुसरं 'संशयकल्लोळ'. याचा प्रवास मोठा आहे. १६६० मध्ये मोलियेरने फ्रेंचमध्ये एक प्रहसन लिहिलं, १७६१ मध्ये आर्थर मर्फीने त्यावरून इंग्रजी नाटक केलं, त्यावरून देवलांनी १८९३ मध्ये 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक लिहिलं. त्याचं संगीत रूप गंधर्व नाटक मंडळीने १९१६ मध्ये आणलं. देवल गेले तेही त्याच वर्षी.

रेवतीला रस्त्यात चक्कर येते, फाल्गुनराव तिला सावरतो, आणि नेमकं ते त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातातली अश्विनशेटची तसबीर खाली पडते, ती कृत्तिकेला मिळते, आणि ती तसबीर न्याहाळत असताना नेमका फाल्गुनराव येतो. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावाकडे असताना नेमका अश्विनशेट पाहतो. एवढ्याशा कथेत तीन वेळा 'नेमका'. कागदावर हे फारच जमवलेलं वाटतं. प्रयोगात मात्र खटकत नाही, कारण देवल योगायोगाला फक्त सुरुवात करू देतात. तसबीर पडते, बस. पुढचं सगळं माणसांच्या डोक्यात घडतं. फाल्गुनराव आधीच संशयी आहे. तसबीर पडली नसती तर त्याने दुसरं काही शोधलं असतं. एखाद्याचं 'लास्ट सीन' रात्री दोनचं दिसलं की आपण जी अख्खी गोष्ट रचतो, तीच ही. तसबिरीच्या जागी स्क्रीनशॉट ठेवा, संवाद फारसे बदलावे लागणार नाहीत.

नावांचाही एक खेळ आहे. नाटकातली मुख्य पुरुषपात्रं महिने आहेत आणि स्त्रिया नक्षत्रं. पौर्णिमेला चंद्र ज्या नक्षत्राजवळ असतो, त्यावरून आपल्या महिन्यांची नावं पडली. जुन्या ज्योतिषात आश्विन महिन्याला रेवती, अश्विनी आणि भरणी अशी तीन नक्षत्रं दिलेली आहेत. म्हणजे अश्विनशेट आणि रेवती पंचांगातही एकमेकांचे. कृत्तिका मात्र कार्तिकाची, तिचा फाल्गुनाशी काही संबंध नाही. ज्या जोडप्याचं जुळणार, त्यांचं आकाशात जुळलेलं आहे. ज्या नवराबायकोचं रोज वाजतं, त्यांचं तिथेही वाजलेलं. देवलांनी हे मुद्दाम केलं असं सिद्ध करायची मला गरज वाटत नाही. एकदा लक्षात आलं की ते नाटकात कायम दिसत राहतं.

तिसरं 'शारदा', १८९९ सालचं. इथे माझं हसू थांबतं.

पंचाहत्तरीतला भुजंगनाथ, पैशासाठी मुलगी द्यायला निघालेला कांचनभट, मधला दलाल भद्रेश्वर दीक्षित आणि शारदा. लग्न थांबवायला कोदंड धडपडतो. पण ऐन लग्नघटकेला ते मोडतं, कारण नवरानवरी एकाच गोत्राचे निघतात.

हा योगायोग शाळेत असताना मला पळवाट वाटला होता. लेखकाला शेवट सुचला नाही म्हणून गोत्र काढलं, असं. आता उलट वाटतं. मांडवात किती अडथळे उपलब्ध होते ते पाहा. मुलीचं रडणं होतं, आईचा विरोध होता, दोघांच्या वयातलं अंतर सगळ्यांना दिसत होतं. यातल्या एकानेही लग्न थांबलं नाही. गोत्राने थांबलं. त्या समाजाला म्हातारा नवरा चालत होता, सगोत्र चालत नव्हता. देवलांनी शारदेला वाचवायला योगायोग वापरला, पण त्याच योगायोगाने दाखवून दिलं की तिला वाचवणारं दुसरं काहीच तिथे नव्हतं. गोत्र वेगळं असतं तर? प्रयोग संपल्यावर हा प्रश्न प्रेक्षकाबरोबर घरी जातो. निदान जायला हवा. नाटकाची एक दुबळी बाजूही इथेच आहे. पुढे शंकराचार्यांच्या संमतीने कोदंड-शारदेचं लग्न होतं, आणि टाळ्यांच्या गजरात हा प्रश्न विसरायची सोय प्रेक्षकाला मिळते.

आता नाटकाबाहेरचा योगायोग. तीस वर्षांनी, १९२९ मध्ये, बालविवाह रोखणारा कायदा झाला. मुलीचं वय चौदा आणि मुलाचं अठरा, असं त्यात ठरलं. हा कायदा 'शारदा कायदा' म्हणून ओळखला जातो. सांगलीत मी लहानपणापासून ऐकत आलो की देवलांच्या नाटकामुळे कायदा झाला आणि म्हणून त्याला शारदेचं नाव दिलं. तसं नाही. विधेयक आणलं अजमेरच्या हरबिलास सारडा यांनी, आणि त्यांच्या आडनावाचं आपल्याकडे 'शारदा' झालं. जरठ-बाला विवाहावरचं मराठीतलं सगळ्यात गाजलेलं नाटक आणि बालविवाहाविरुद्धचा कायदा यांचं नाव निव्वळ योगायोगाने एक झालं.

हा योगायोग एसटीतल्या काकूंच्या भेटीपेक्षा कितीतरी मोठा आहे. आणि मला तो गोड वाटत नाही, त्याचं कारण माझ्या घरात आहे.

माझी पणजी हरिपूरची. तिचं लग्न १९३० च्या फाल्गुनात झालं, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आजी सांगायची, "नाटक केलं देवलांनी, आन् पळापळ झाली आमच्या घरात." कायदा मंजूर झाला सप्टेंबर १९२९ मध्ये, लागू झाला १ एप्रिल १९३० ला. मधल्या सहा महिन्यांत देशभर लहान मुलींची लग्नं घाईघाईने उरकली गेली, त्यातलंच हे एक. पणजीचं दोन-तीन वर्षांनी ठरवायचं होतं, ते कायद्याच्या आत उरकून टाकलं. म्हणजे शारदेच्या नावाचा कायदा येतोय म्हणूनच आमची शारदा लवकर बोहल्यावर चढली. आजी हे हसत सांगायची. पणजी हसायची का, हे मी कधी विचारलं नाही.

नाटकाने कायदा आणला, असं मानलं की गोष्ट सुंदर होते. आपल्या गावचा लेखक लिहितो, प्रेक्षक रडतात, सरकार जागं होतं. पण या सुंदर गोष्टीत रखमाबाईंना जागा उरत नाही. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, असं त्या १८८० च्या दशकात कोर्टात ठामपणे म्हणाल्या होत्या. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून पेटलेलं भांडण गळतं. सारडाही गळतात. आणि कायद्यातली भोकं दिसेनाशी होतात. लहानपणी लावलेलं लग्न त्याने रद्द होत नव्हतं, फक्त शिक्षा होती, तीही कुणी कोर्टात जाऊन तक्रार केली तरच. शिवाय मुलगी चौदा पूर्ण केलेली असेल, तर पंचाहत्तरीच्या नवऱ्याला तो कायदा काहीच करू शकत नव्हता. शारदेच्या नावाचा कायदा भुजंगनाथाला थांबवू शकला नसता. गोत्रच लागलं असतं.

फाल्गुनरावाने पडलेल्या तसबिरीचं जे केलं, तेच आपण सारख्या नावाचं केलं. दोन गोष्टी शेजारी दिसल्या आणि मधली कथा आपण स्वतः भरली. त्याने संशयाने भरली, आपण अभिमानाने.

'शारदा'चा प्रयोग कुठे लागला तर जरूर बघा, सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात असो की साताऱ्याच्या शाहू कलामंदिरात. गाणी ऐका. पण गोत्र उघड होतं त्या क्षणी टाळी वाजवण्याआधी जरा थांबा, आणि मांडवात कोण कोण गप्प बसलं होतं तेवढं मोजा.