मत्स्यविनोद आणि मराठी गद्य

गळ टाकणाऱ्या मनुष्याविषयी मराठी भाषेने आपला निकाल फार पूर्वीच देऊन ठेवला आहे. कोणी फसला म्हणजे तो ‘गळाला लागला’; नोकरीचे ‘आमिष’ दाखविले असे वर्तमानपत्रात वाचले की पुढील मजकूर फौजदारी गुन्ह्याचाच असावयाचा; आणि कोणी कोणास ‘गळ घातली’ तर ती बहुधा त्याच्या मनाविरुद्धच्या गोष्टीची. पाण्याकडे डोळे लावून तासन्‌तास बसणाऱ्याचे कपट तेवढे भाषेने टिपले. त्याचा धीर, त्याचे निरीक्षण, त्याची सोबत ह्यांपैकी काहीच टिपले नाही. बगळ्याच्या ध्यानाससुद्धा आम्ही ढोंगच म्हणतो!

हाच निकाल वाङ्मयाने मुकाट्याने मान्य केलेला दिसतो. शिकारकथा मराठीत आहेत, गडकिल्ल्यांची भ्रमंती आहे, पक्षिनिरीक्षणाचे तर उत्तम गद्य आहे. परंतु चार मित्र जमून केवळ हौसेखातर खाडीवर जातात, दिवसभर दोरी फेकतात आणि बहुधा रिकाम्या हाताने परततात, ह्या अनुभवावर उभे असलेले जाणते मराठी गद्य प्रस्तुत लेखकाच्या वाचनात आलेले नाही.

नवल वाटते ते ‘मानसोल्लासा’चे स्मरण झाले म्हणजे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याचा इ. स. 1129 च्या सुमाराचा हा संस्कृत ग्रंथ मराठी वाङ्मयाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास नावाने परिचित असतो. कारण आद्य मराठी रचनेचे काही नमुने त्यात सापडतात. त्या चार ओळींसाठी आम्ही हा ग्रंथ उघडतो आणि तेवढ्या वाचून मिटतो. त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे व त्यात माशांच्या जाती, त्यांचे खाद्य, दोरी आणि गळ ह्यांचा विचार आहे. सुंदरलाल होरा ह्या प्राणिशास्त्रज्ञाने 1951 मध्ये त्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले. इंग्रजीतील गळाने मासे धरण्यावरील पहिला छापील प्रबंध 1496 चा. म्हणजे आमचा राजा त्याच्या साडेतीन शतके आधीचा. पण इंग्रजांच्या प्रबंधाला वंश लाभला, आमच्या प्रकरणाला लाभला नाही. ह्याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. राजाचा विनोद राजाबरोबर गेला. मागे उरला तो व्यवसाय, आणि तो जातीच्या कुंपणात गेला. ज्या हाती गरी त्या हाती लेखणी नव्हती, आणि ज्या हाती लेखणी होती त्याचा माशाशी संबंध आला तो फार तर ताटात.

हेमिंग्वेची कादंबरी 1952 ची, पु. ल. देशपांडे ह्यांनी 1965 मध्ये ती मराठीत आणताना तिला ‘एका कोळियाने’ हे नाव दिले. पुनःपुन्हा पडून चढणारा शाळेच्या कवितेतील कोळी आणि समुद्रावरचा कोळी ह्यांची त्या एका शब्दात पडलेली गाठ मोठी मार्मिक आहे. तरीही तो म्हातारा पोटासाठीच समुद्रावर जातो. मासे धरणे म्हणजे पोटाचा प्रश्न, हे आमचे गृहीत त्यामुळे दृढच झाले.

वॉल्टनचे उदाहरण निराळे आहे. ‘द कम्प्लीट अँगलर’ 1653 मध्ये प्रसिद्ध झाले. चारच वर्षांपूर्वी इंग्लंडात राजाचा शिरच्छेद झाला होता आणि राजपक्षाचा हा लंडनचा दुकानदार पराभूतांपैकी होता. पुस्तकात त्याचा आक्रोश नाही. एक मासे धरणारा आणि एक शिकारी ली नदीच्या काठाने चालतात, बोलतात, खातात, गाणी ऐकतात, इतकेच. त्यातील शास्त्र कित्येक ठिकाणी कच्चे आहे. पाईक मासा पाणवनस्पतीपासून उपजतो असेही तो गंभीरपणे सांगतो. कृत्रिम माशी वापरण्याच्या कलेचे खरे विवेचन तर 1676 च्या आवृत्तीत त्याचा तरुण मित्र चार्ल्स कॉटन ह्याने जोडले. पण पुस्तक टिकले ते शास्त्रामुळे नव्हे. मोडलेल्या काळात दोन माणसे एकमेकांशी सभ्यपणे कशी बोलू शकतात, हे त्याने जपून ठेवले म्हणून.

हे सर्व आठवण्यास कारण एक हस्तलिखित वही. आमच्या रहाटणीतील पाच-सहा तरुण, बहुतेक चाकण-भोसरीच्या कारखान्यांत काम करणारे, सुट्टी साधून ताम्हिणी घाटाने माणगाववरून राजपुरीच्या खाडीकडे जातात आणि कृत्रिम आमिषांनी मासे गरवितात. त्यांपैकी एक माझा जुना विद्यार्थी. पाच वर्षांची वही त्याने अभिप्रायासाठी दिली. ती छापावी काय, हा त्याचा प्रश्न.

वहीचा मोठा दोष असा की, तीत सामग्री फार आणि पाणी थोडे आहे. काठीची लांबी, रिळाचा क्रमांक, माशाचे वजन, हे सर्व बिनचूक. भाषा मात्र परदेशी चलच्चित्रांतून उचललेली. मासा ‘लढतो’, ‘शरण येतो’, ‘विक्रम मोडतो’. हा लढाईचा थाट वाचून कंटाळा येतो. वास्तविक ह्या विद्येत खरा विचार करण्याजोगा विषय आहे तो खोटेपणाचा. फिनलंडच्या लाउरी रापालाने 1936 मध्ये बुचाच्या लाकडाचा मासा कोरला आणि त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली. त्याने पाहिले होते की, मोठा मासा थव्यातील नेमक्या लंगडणाऱ्या पिल्लावर झडप घालतो. म्हणून त्याने आपल्या माशाला रूपापेक्षा ती लंगडी चाल दिली, आणि हुबेहूब रंगविलेल्या निश्चल माशाने जे साधले नसते ते त्या चालीने साधले. वास्तववादी कादंबरीविषयी आमच्याकडे जे वाद होतात, त्यांत हा बुचाचा मासा कोणी आणला असता तर बरे झाले असते.

वहीत एक नोंद मात्र खरोखरीची आहे. डिसेंबरातील पहाट, सहा तास एकही मासा नाही, एकाच्या दोरीचा गुंता दुसरा बोटे गारठेपर्यंत सोडवीत बसला आहे. तेवढ्यात एक म्हातारा कोळी येऊन सांगतो की, आज अष्टमी, भांगाचे पाणी. पाणी धावत नाही, मग मासा कशाला धावेल? उधाणाला या. पुढे तो विचारतो, ‘खायचा न्हाय तर धरता कशाला?’ लेखकाने ह्यावर ‘सगळे हसले’ असे लिहून रिळाचे वर्णन सुरू केले आहे!

येथेच वहीचे पुस्तक व्हावयाचे राहिले. भांग आणि उधाण ह्या दोन शब्दांत खाडीचे जेवढे ज्ञान आहे, तेवढे त्या सबंध वहीत नाही. आणि म्हाताऱ्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हे. बायरनने वॉल्टनला क्रूर ठरविले ते ह्याच मुद्द्यावर. धरून सोडून दिल्याने गळाची जखम भरत नाही. सोडणे म्हणजे निर्दोषत्व, हा आधुनिक हौशी मंडळींचा समज मला मान्य नाही. पण दुसरी बाजूही आहे. ह्या खाड्यांतील जिताडा (गोव्यात ह्यालाच चणक म्हणतात) आधी नर असतो आणि काही वर्षांनी, वाढल्यावर, मादी होतो. म्हणजे छायाचित्रासाठी ज्या मोठ्या माशाचा हव्यास धरला जातो तो बहुधा खाडीच्या मुखाशी जाऊन लाखो अंडी घालणारी मादी असते. तिला परत सोडण्यास कारण आहे. हे कारण त्या म्हाताऱ्यापुढे त्याच्या बोलीत मांडता येते काय, आणि तो त्यावर काय म्हणतो, हा निबंध कोणीतरी लिहावयास हवा होता.

आणखी एक गोष्ट. वहीच्या पहिल्याच पानावर दीड ओळ आहे: मंडळींपैकी एकाचे आजोबा येथेच, रहाटणीच्या काठी, पवनेत कणकेची गोळी लावून मासे धरीत. मग लगेच राजपुरी! घरापासून हाकेच्या अंतरावरील नदी सोडून ही मुले घाट उतरून शंभराहून अधिक किलोमीटर जातात, ते का, हे वहीत कोठेच नाही. पवनेकाठी राहणाऱ्यास ते सांगावे लागत नाही. सांडपाण्याचा वास आणि उन्हाळ्यातील जलपर्णीचा हिरवा गालिचा पुलावरूनच उत्तर देतात. परंतु त्या पाण्यात पूर्वी कोणते मासे होते, कोणत्या डोहात, कोणत्या महिन्यात, ह्याचा वृत्तान्त आमच्यापाशी नाही. ली नदीला वॉल्टन होता. पवना बिघडली तेव्हा तिच्यापाशी साक्षीदार होते. पण ते लिहीत नव्हते, आणि आम्ही लिहिणारे त्यांना विचारीत नव्हतो.

वही तूर्त छापू नये, असे मी कळविले आहे आणि त्या दीड ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली आहे. आजोबा आता नाहीत. त्यांचे धाकटे बंधू मात्र अजून गावठाणातल्या घरी असतात, त्यांना माशांची जुनी नावे पाठ आहेत, आणि सायंकाळी ते ओट्यावर बसलेले असतात.