कच्चा लिंबू आणि रडीचा डाव

व्हिडिओ गेम खेळणाऱ्यास चीट वापरण्याचा अधिकार असावा कीं नाहीं, या वादाचा एक निकाल लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयानें १७ ऑक्टोबर २०२४ रोजीं दिला. सोनीच्या ‘मोटरस्टॉर्म’ शर्यतींत डेटेल कंपनीची आज्ञावली ‘टर्बो’चा हवा तितका वापर करूं देई. मूळ संकेतावलीस हात न लावतां यंत्राच्या स्मृतींतील आंकडे तेवढे बदलल्यानें स्वामित्वहक्काचा भंग होत नाहीं, असें न्यायालयानें ठरविलें.

निकाल आम्हांस ग्राह्य वाटतो. मात्र त्यांत मालकाचा हक्क मोजला गेला, सवंगड्याचा नव्हे. तें माप आमच्या अंगणांत आहे. परभणी, सेलू, गंगाखेड, कोठेंही मुलें लपंडाव मांडतात, तेव्हां धाकट्यास ‘कच्चा लिंबू’ म्हणून घेतात. तो सांपडला तरी त्याच्यावर राज्य येत नाहीं. सवलत सर्वांदेखत दिलेली असल्यानें तिला कोणी लबाडी म्हणत नाहीं. १९८६ सालीं ‘ग्रेडियस’ची चाचणी घेतांना तो खेळ फार कठीण वाटल्यावरून काझुहिसा हाशिमोतो यांनीं कळांचा जो क्रम योजिला, तो याच जातीचा. एकट्यानें खेळणाऱ्यानें ही सवलत खुशाल घ्यावी.

परंतु बीजीएमआयसारख्या खेळांत समोर जिवंत प्रतिस्पर्धी असतो. तेथें भिंतीपलीकडचा शत्रु पाहून गोळी झाडणारा आपला कच्चेपणा लपवून विजेत्याचा मान मागतो. मराठींत यालाच रडीचा डाव म्हणतात. सवंगड्यांच्या संमतीवांचून घेतलेल्या सवलतीस अधिकार म्हणतां येणार नाहीं, असें आमचें मत आहे.