‘हेत्वाभास’ शब्दाची ओढाताण

जुन्या कागदांचा काल ठरवितांना प्रतिपक्षाचें म्हणणें ‘हेत्वाभास’ म्हणून झटकून टाकलें, कीं पुष्कळांस त्यांत अंतस्थ हेतूवर आरोप दिसतो, आणि वाद भलतीकडेच जातो. मराठींत हेतु म्हणजे उद्देश, म्हणून हा घोटाळा. न्यायशास्त्रांत हेतु म्हणजे साध्य सिद्ध करणारें कारण. तसें नुसतें भासणारें तो हेत्वाभास. लेखकाच्या सचोटीचा येथें संबंधच नाहीं. झळकीकरांचा न्यायकोश उपलब्ध असतां हें सांगावें लागावें, याचें नवल वाटतें.

उदाहरण आमच्या बेलापुराचेंच घेऊं. तेथील किल्ला १८१७ सालीं इंग्रजांकडे गेला. ‘अमुक कागद त्यापूर्वींचा, कारण तो मोडींत आहे,’ असें कोणी म्हटलें, तर मोडी इंग्रजी अमलांतहि चालूच होती. हेतु साध्याला सोडून अन्यत्रहि राहतो. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहांत सांगितलेल्या पांचांपैकीं हा सव्यभिचार, त्यांतहि साधारण. त्याच कागदावर १८४० चा अस्सल शिक्का निघाला, तर साध्याचा अभावच अन्य प्रमाणानें ठरला. मग तो बाधित. पहिल्यांत साध्य अद्यापि खरें असूं शकतें, दुसऱ्यांत नाहीं. म्हणून टीकाकारानें पांचांपैकीं कोणता तें नांव घेऊन सांगावें. दोष हेतूचा नसून दृष्टान्ताचा असेल, तर ‘तर्कदोष’ हा व्यापक शब्द आहेच.