अंश पाहण्याआधी छेद पाहा: ९/११ च्या शोधकुत्र्यांचं पोस्टमॉर्टेम

पीएचडीच्या तयारीत पेपर 'वाचायचा' म्हणजे नेमकं काय करायचं, हे दाखवायला मला आवडणारा एक अभ्यास आज घेऊया. तो चांगला आहे, म्हणूनच घेतलाय. वाईट पेपरवर टीका करायला फारसं डोकं लागत नाही.

११ सप्टेंबर २००१ नंतर वर्ल्ड ट्रेड सेंटर, पेंटागॉन आणि ढिगारा नेऊन चाळला गेला ते स्टेटन आयलंडवरचं फ्रेश किल्स, या जागी शोधकुत्र्यांनी काम केलं. माणसाला निदान मास्क लावता येतो. कुत्र्याचं कामच वास घेण्याचं, त्यामुळे सगळी धूळ थेट नाकातून आत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या सिंथिया ऑटो आणि सहकाऱ्यांनी तिथे गेलेली ९५ आणि न गेलेली ५५ शोधकुत्री वर्षानुवर्षं तपासली: दरवर्षी रक्त, छातीचा एक्स-रे आणि मृत्यूनंतर शक्य तिथे पोस्टमॉर्टेम. अंतिम निष्कर्ष २०२० मध्ये अमेरिकन व्हेटरनरी मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये आले.

आयुष्याचा मध्यक दोन्ही गटांत जवळपास सारखा निघाला: १२.८ आणि १२.७ वर्षं. फरक दिसला तो फुफ्फुसात. कामावर गेलेल्या ५० पैकी २१ कुत्र्यांत (४२ टक्के) धुळीचे कण नोंदले गेले, कंट्रोल गटात ४३ पैकी ७ मध्ये (१६ टक्के). पी-व्हॅल्यू ०.००६.

बहुतेक जण इथे थांबतात. आपण छेदाकडे पाहूया.

गट ९५ चा होता, छेदात ५० आहेत. कंट्रोल ५५, छेदात ४३. म्हणजे ४५ आणि १२ कुत्र्यांच्या फुफ्फुसांबद्दल या आकड्यात काहीच नाही. आता कागद-पेन घ्या. ती ४५ कुत्री पूर्ण स्वच्छ आणि ती १२ पूर्ण धूळभरली होती असं धरा: २१/९५ म्हणजे २२ टक्के, १९/५५ म्हणजे ३५ टक्के. निष्कर्ष उलटा! उलट टोक धरलं तर ६९ विरुद्ध १३ टक्के. दोन्ही टोकं अवास्तव आहेत, मान्य. पण पी-व्हॅल्यू या गळतीबद्दल एक अक्षर बोलत नाही, हे त्यातून कळतं. आहे त्या आकड्यांवरही फरकाचा ९५ टक्के विश्वासांतराल मी काढला तर साधारण ८ ते ४३ टक्के गुण येतो. फरक आहे, पण केवढा, हे धूसर आहे.

ही गळती आळसामुळे झालेली नाही. शोधकुत्री बहुतेक हॅण्डलरच्या घरीच राहतात आणि म्हातारपणी तिथेच किंवा जवळच्या डॉक्टरकडे जातात. दहा-बारा वर्षांचा सोबती गेल्यावर 'फाडू द्याल का?' हे विचारणं आणि त्याला हो म्हणणं, दोन्ही जड. लष्करात गणित वेगळं होतं. १९९३ ते १९९६ मधल्या ९२७ अमेरिकन लष्करी कुत्र्यांच्या मृत्यूचा अभ्यास २००१ मध्ये आला, कारण कुत्रं आणि कागद दोन्ही एकाच यंत्रणेच्या ताब्यात होते. २००० च्या कायद्यानंतर निवृत्त कुत्री दत्तक देता येऊ लागली. कुत्र्यांचं भलं झालं, पण नोंद ठेवणं अवघड झालं.

दुसरा मुद्दा 'मृत्यूचं कारण' या रकान्याचा. त्या ९२७ च्या पेपरचं शीर्षकच प्रामाणिक आहे: मृत्यूची कारणं 'किंवा' दयामरणाची कारणं. सांधे झिजलेत, उठवत नाही, म्हणून इंजेक्शन दिलं, तर सांधेदुखीने कुत्रं 'मेलं' का? तो हॅण्डलर आणि डॉक्टर यांनी मिळून घेतलेला निर्णय असतो. म्हणून सारखं आयुष्यमान पाहून 'धुळीने काही बिघडलं नाही' असं झटकन म्हणू नका.

तिसरा, कणांचा. सूक्ष्मदर्शकाखाली काळा कण दिसला म्हणजे तो मॅनहॅटनचा, असं होत नाही. शहरात राहणाऱ्या कुत्र्याच्या फुफ्फुसातही काजळी साचते, आणि शोधकुत्री सरावही ढिगाऱ्यातच करतात. कंट्रोलमधले १६ टक्के बहुधा तिथूनच आले असावेत. त्यामुळे कंट्रोल म्हणून घरगुती कुत्री न घेता शोधकुत्रीच घेतली, ही या अभ्यासाची सगळ्यात भक्कम बाजू.

तुमच्या कामात यातलं काय घ्यायचं? 'दिसलं नाही' आणि 'पाहिलं नाही' हे दोन वेगळे रकाने ठेवा. रिकामी जागा नंतर कुणीतरी शून्य म्हणून मोजतंच. मृत्यूपासून तपासणीपर्यंत किती तास गेले ते लिहा. शव थंड ठेवा, गोठवू नका, बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात. फुफ्फुसाच्या प्रत्येक खंडातून तुकडा घ्या, त्याच्या दहापट फॉर्मॅलिनमध्ये टाका आणि कुठला तुकडा कुठला ते डबीवर लिहा. दयामरणाचं औषध नोंदवा: पेंटोबार्बिटलने प्लीहा फुगते, आणि हे माहीत नसलेला वाचक त्याला आजार समजतो. शक्य असेल तर काचपट्टी पाहणाऱ्याला कुत्रं कुठल्या गटातलं ते सांगू नका. आणि संमतीचं बोलणं कुत्रं धडधाकट असतानाच करून ठेवा, शेवटच्या दिवशी नाही.

मी हा पेपर कशासाठी उद्धृत करेन? 'ढिगाऱ्यावर काम केलेल्या कुत्र्यांच्या फुफ्फुसात कण जास्त वेळा सापडले' यासाठी, निर्धास्तपणे. 'धूळ निरुपद्रवी होती' यासाठी नाही. ४२ टक्के लिहिताना मात्र शेजारी '५० पैकी' लिहीन, आणि एकूण ९५ होती हेही.