एकनाथांचा ‘हिंदु-तुर्क संवाद’ : एक फेरविचार

धार्मिक ऐक्याचा विषय निघाला की संत एकनाथांच्या ‘हिंदु-तुर्क संवादा’तील शेवटच्या आलिंगनाचा दाखला द्यावयाचा, असा आपल्या सभासंमेलनांतून प्रघातच पडला आहे. दाखला यथार्थ आहे. परंतु शेवट तेवढा उचलून मधला भाग झाकून ठेवल्याने या रचनेवर अन्याय होतो आणि ऐक्याविषयीची आपली समजही उथळ राहते, असे आम्हांस वाटते.

नाथांनी १५९९ साली देह ठेवला. त्यांच्या हयातीत पैठण निजामशाहीच्या अमलात होते, आणि त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर त्याच राज्याच्या सेवेत होते, असे परंपरा सांगते. तेव्हा मुसलमान हा नाथांना नित्याच्या व्यवहारात भेटणारा माणूस होता. दुसऱ्याच्या तोंडून बोलण्याची कला तर त्यांच्या भारुडांतून सर्वांच्या परिचयाची आहे. या रचनेत तुर्क आपल्या हिंदुस्थानीत बोलतो, ब्राह्मण मराठीत उत्तर देतो, आणि मध्ये दुभाषी कोणी नाही. दोन भाषांच्या शेजारात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या आपल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. तथापि, एकमेकांची बोली समजत असूनही माणसे किती दुरावलेली असू शकतात, हे नाथ आरंभीच दाखवितात.

तुर्क ‘काफर’ म्हणतो. हिंदू विटाळाच्या भयाने त्याला दूर सरावयास सांगतो. येथून जी जुंपते, तिच्यात आडपडदा मुळीच नाही. तुर्क पुराणांतील देवांच्या कथा काढतो, मूर्तिपूजेची थट्टा करतो आणि सोवळ्याओवळ्यावर नेमके बोट ठेवतो. हिंदू विचारतो, देव सर्वत्र आहे तर एकाच दिशेला तोंड करून त्याला का आळवावे? प्राण्याचा जीव घेता, तो परत देता येतो काय? आणि हिंदूला तुर्क करण्यात पुण्य असेल, तर त्याला हिंदू म्हणून जन्मास घालण्यात देवाची चूक झाली काय?

हे प्रश्न बोचरे आहेत. पण ते अडाण्याचे नाहीत. ज्याचे घर आपण कधी पाहिले नाही, त्याच्या घरातील नेमकी फट आपल्याला दाखविता येत नाही. शिवाय हे दोघे एकमेकांना परक्या मापाने मोजत नाहीत. सर्वांभूती देव मानणाऱ्याने माणसाला शिवू नये, आणि ईश्वर सर्वव्यापी मानणाऱ्याने त्याला एका दिशेत कोंडावे, ही विसंगती ज्याच्या त्याच्या श्रद्धेतूनच दाखविलेली आहे. समानुभूती म्हणतात ती आमच्या मते हीच. प्रतिपक्षाला त्याच्या सर्वोत्तम विचाराशी प्रामाणिक राहावयास सांगणे, हा त्याचा मोठाच सन्मान होय.

शेवटी ईश्वराला जात नाही यावर दोघे येतात, परस्परांस वंदन करतात आणि भेटतात. हा शेवट एकाएकी येतो, असा आक्षेप घेता येईल. पण आरंभ आठवावा. विटाळ होईल म्हणून जो मागे सरला होता, तोच आता मिठी मारीत आहे. अस्पर्शाच्या आरोपाला याहून सरळ उत्तर कोणत्याही शास्त्रवचनाने दिले नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लेखणी नाथांची, आणि समेटाची भूमीही अद्वैताची. समेटासाठी आम्हीच तुमच्या अंगणात यावे काय, असे एखादा मुसलमान वाचक विचारील, तर तो प्रश्न उडवून लावता येणार नाही. रचनेची ही मर्यादा मान्य केली पाहिजे. मात्र तिच्याबरोबर दुसरी गोष्टही नोंदविली पाहिजे. आपल्या समाजावरील अत्यंत कठोर आरोप नाथांनी प्रतिपक्षाच्या मुखी, त्याच्याच बोलीत, धार बोथट न करता घातले. आणि वादाअंती कोणालाही पराभूत ठरविले नाही. स्वपक्षाच्या कवीकडून प्रतिपक्षाला एवढा न्याय क्वचितच मिळतो.

आज सामाजिक दुरावा वाढल्याची चिंता सर्वत्र ऐकू येते, आणि तिच्यावर उपाय म्हणून कटू विषय काढूच नयेत असे सुचविले जाते. वर्गात ही रचना शिकविताना आम्हां शिक्षकांनाही तोच मोह होतो. कोणाचे मन दुखावेल या भयाने मधली कडवी गाळली जातात, आणि विद्यार्थ्यांपुढे दोन सज्जनांची गळाभेट तेवढी उरते. त्यांना ती खोटी वाटली, तर दोष त्यांचा नव्हे. आमचे सुचविणे एवढेच की ही रचना समग्र वाचावी. तुर्काचे प्रश्न हिंदू विद्यार्थ्याने आणि हिंदूचे प्रश्न मुसलमान विद्यार्थ्याने मोठ्याने वाचावेत. राग आला तर तो बोलून दाखविण्यास पुरेसा वेळ द्यावा, आणि मगच शेवटच्या कडव्यांकडे वळावे.